एकशे आठ आणि पंधरा मिनिटं

"उठल्यावर थोडी उभी राहत जा. लगेच खाली जाऊ नकोस. उभं राहणं हा नमस्काराचाच अर्धा भाग आहे."

भिक्खुणी ह्येवोन माईंनी मला हे सांगितलं तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आपल्याला गुडघे आहेत हे मला अजून कळलेलं नव्हतं. माईंना जाऊनही आता अकरा वर्षं झाली. त्यांनी सांगितलेलं बाकीचं मी सगळं पाळत आले. पहाटे उठते, पहिला घास बाजूला काढते, महिन्यातले दहा दिवस मासळी शिवत नाही, कुणाशी आवाज चढवून बोलत नाही. नेमकं हे एकच वाक्य मी गेल्या हिवाळ्यात सोडून दिलं, कारण ते पंधरा मिनिटांत बसत नव्हतं. त्याचं काय झालं ते सांगते. सांगण्यासारखं नाही, पण आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत झालंच आहे, तेव्हा निदान नीट तरी माहीत असावं.

डिसेंबरच्या सुरुवातीला यूरिमच्या बाबांना दवाखान्यातल्या पळत्या पट्ट्यावर चालवलं आणि सहाव्या मिनिटाला थांबवलं. यूरिम आमची मुलगी, बुसानला असते. नवऱ्याला नावाने हाक मारायची आमच्या घरात रीत नाही, म्हणून इथेही ते यूरिमचे बाबाच राहतील.

डॉक्टर योम यूरिमच्याच वयाची. ती म्हणाली, "काका, दोन रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. आज काही करायला नको. गोळ्या घ्या आणि व्यायाम करा. चार मिनिटं जोरात चालायचं, इतकं की बोलताना वाक्य तुटलं पाहिजे. मग तीन मिनिटं सावकाश. असं चार वेळा. आठवड्यातून तीनच दिवस. मधल्या दिवशी विश्रांती."

"रोज केलं तर?"

"रोज नाही."

"मी चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात होतो. एक दिवस रजा घेतली नाही."

"म्हणूनच इथे आलात," ती म्हणाली. "हृदय चढताना बळकट होत नाही, काका. चढून आल्यावर, तुम्ही स्वस्थ पडलेले असता तेव्हा होतं. दमणं हे अर्धं औषध आणि विश्रांती हे उरलेलं अर्धं. थांबल्यावर मिनिटभराने नाडी मोजत जा. जितकी लवकर खाली येईल तितकं चांगलं. शंभर दिवसांनी पुन्हा पट्ट्यावर या. तेव्हाही असंच झालं तर मात्र आत नळी घालावी लागेल."

यूरिमच्या बाबांचं सगळं आयुष्य नळांच्या दुरुस्तीत गेलं. एकदा खणून उघडलेला नळ पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, हे ते जेवताना कितीदा तरी सांगत आले आहेत. त्या दिवशी बसमध्ये ते चौदा थांबे गप्प होते. पंधराव्याला म्हणाले, "मला उघडू देऊ नकोस."

मी म्हटलं, "नाही देणार."

आता 'शंभर दिवस' हे डॉक्टर योमने कॅलेंडर बघून म्हटलं होतं. पण शंभर म्हटल्यावर आमच्या पिढीच्या बाईला कॅलेंडर दिसत नाही, देऊळ दिसतं. यूरिमच्या प्रवेशपरीक्षेला मी शंभर दिवस रोज एकशे आठ नमस्कार घातले होते, आणि तिला मागितलं ते कॉलेज मिळालं. (तिला ते नको होतं हे नंतर कळलं, पण तो बुद्धांचा दोष नाही.) दुसऱ्याच दिवशी मी देवळात जाऊन घराच्या नावाने कंदील लावला आणि संकल्प सोडला: पहाटे सहाला, रोज एकशे आठ, शंभर दिवस. नियम एकच. एक दिवस चुकला की पुन्हा एकपासून. आणि पट्टा शंभराव्या दिवशी. म्हणजे चुकायला जागाच नव्हती.

आमची इमारत अशी आहे की लिफ्टमध्ये एखादी गोष्ट बोलली तर ती आपल्या आधी घरी पोचते. महिला मंडळाच्या अध्यक्ष प्यो वहिनी संध्याकाळीच कांद्याची सालं उकळलेलं पाणी घेऊन हजर. "हे सकाळी, हे रात्री. आणि भाऊजींना म्हणावं, उलटं चाला. माझे दीर तीन वर्षं उलटे चालतायत."

"बरं वाटलं का त्यांना?"

"पडले एकदा. पण हृदयाचं काही नव्हतं ते."

सातव्या मजल्यावरच्या आजींनी झाडाला पाठ आपटायला सांगितलं. पहारेकऱ्याने टाळ्या वाजवत चालायला सांगितलं. विश्रांती घ्या, असं मात्र कुणीच सांगितलं नाही. विश्रांती हा सल्ला द्यायला कुणाला मोठेपणा वाटत नाही.

आणि मग सुभेदार गुक आले. सैन्यातून निवृत्त झालेले, आमच्या वसाहतीच्या गिर्यारोहण मंडळाचे प्रमुख. वय सत्तर, पोटऱ्या तिशीतल्या. त्यांनी यूरिमच्या बाबांना दारातच वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चार मिनिटं चालायचं आणि तीन मिनिटं थांबायचं? हा व्यायाम आहे की सिग्नल? ओक साहेब, विश्रांती घ्यायला पुढे भरपूर वेळ आहे. झोपून."

आठवड्याभरात यूरिमच्या बाबांकडे लाल जाकीट, दोन काठ्या, बर्फावरचे बूट आणि हिमालयात लागेल अशी पाठपिशवी आली. आपसान डोंगर आमच्या बसच्या शेवटच्या थांब्यावर आहे आणि वर चहा मिळतो, हे मी बोलले नाही. रविवारी मंडळ वर जाई, खाली येई, आणि पायथ्याच्या टपरीत कांदापातीची धिरडी आणि माकगोल्ली घेऊन बसे. ती दुधासारखी दिसणारी तांदळाची दारू वाडगे भरून रिचवून यूरिमचे बाबा घरी येत आणि म्हणत, "डॉक्टरने सांगितलं होतं ना, जोरात झाल्यावर सावकाश. हे सावकाश."

मी नाडी मोजायला गेले की हात काढून घेत.

इकडे माझं वेगळंच सुरू झालं होतं. आमच्या खाली, तळमजल्यावर, १०३ मध्ये बान नावाचे गृहस्थ एकटेच राहतात. रात्रीची बस चालवतात. पहाटे साडेपाचला येतात, शेवया खातात आणि झोपतात. तिसऱ्या दिवशी व्यवस्थापन कार्यालयातून फोन आला. "काकू, तुमच्या घरात पहाटे कोणी काही कुटतं का?"

मी म्हटलं, "मी नमस्कार घालते."

"किती?"

"एकशे आठ."

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "एक अर्ज भरायला याल का?"

अर्जात आवाजाचं कारण लिहायला रकाने होते: लहान मूल, पाळीव प्राणी, यंत्र, इतर. मी 'इतर' वर खूण केली. व्यवस्थापक साहेबांनी ते वाचलं आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "कसा आवाज होतो ते जरा दाखवता का?" तेव्हा मी, आयुष्यात पोलिसचौकीची पायरी न चढलेली बाई, कार्यालयाच्या फरशीवर फोटोकॉपीच्या यंत्रासमोर तीन नमस्कार घातले. गुडघे, कोपरं, कपाळ. बान हातांची घडी घालून उभे होते. "धप," ते म्हणाले. "हाच तो. धप."

"मी खाली गादी घालीन."

"गादीवर धप नाही येत. गादीवर धुप येतं. ते जास्त वाईट, काकू. धुपची वाट बघत बसावं लागतं."

शेवटी लेखी समझोता झाला. बान सव्वासहाला झोपतात, तर माझे नमस्कार सहा ते सव्वासहा. पंधरा मिनिटं. संकल्प पहाटे सहाचा सोडलेला, तो मागेपुढे ढकलता येत नाही. देवळात जाऊन करावेत तर पहिली बस सहा चाळीसला. मी सही केली.

एकशे आठ नमस्कार पंधरा मिनिटांत म्हणजे एकाला आठ सेकंद. आठ सेकंदांत खाली जाता येतं आणि वर येता येतं. वर आल्यावर उभं राहता येत नाही. पहिल्या सकाळी चाळिसाव्याला माझ्या कानात आगगाडी धडधडली. सत्तराव्याला बुद्ध दोन दिसले. मी दोघांनाही नमस्कार केला. माई आठवल्या, पण मला वाटलं, आपण करतोय ते काही आपल्यासाठी नाही, तेव्हा आपलं काय व्हायचंय.

जानेवारी असाच गेला. बानांच्या तक्रारी मात्र थांबल्या नाहीत. "पहाटेचं ठीक आहे. पण आता दुपारीही सुरू केलंय. मंगळवारी, गुरुवारी. मी झोपलेला असतो."

मी म्हटलं, "दुपारी मी नाही."

"मग वर हत्ती आहे का?"

आवाज मोजणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे अर्ज गेला, त्यांची पोच आली, पोचेवर सही हवी होती, सहीवर शिक्का. फेब्रुवारीत एक सभ्य गृहस्थ आले आणि बानांच्या छताखाली यंत्र ठेवून गेले. चार दिवसांनी व्यवस्थापन कार्यालयात सगळ्यांसमोर कागद वाचला.

"पहाटे सहा ते सव्वासहा, मर्यादेच्या आत," ते गृहस्थ म्हणाले. मी मान खाली घालून माळ ओढली. मला आनंद झाला होता आणि तो दिसू नये अशी माझी इच्छा होती. "मंगळवार, दुपारी दीड ते दोन दहा. मर्यादेच्या बरंच बाहेर. नोंद अशी आहे की जड वस्तू सुमारे दोनशे वेळा उचलून टाकली."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मंगळवारी मी देवळाच्या स्वयंपाकघरात असते," मी म्हटलं. "मुळे चिरते. पन्नास बायकांनी बघितलंय."

"मग घरात कोण असतं?" बानांनी विचारलं.

मंगळवार हा डॉक्टर योमचा विश्रांतीचा दिवस. मंगळवारी घरात यूरिमचे बाबा सोफ्यावर पांघरूण घेऊन पडलेले असतात. मी जाताना ते पांघरूण नीट करून जाते.

त्या यंत्राने मला निर्दोष सोडलं आणि माझ्या नवऱ्याला धरलं. इतक्या लोकांसमोर निर्दोष सुटण्याची वेळ कुठल्या बाईवर येऊ नये.

घरी आल्यावर मी आवाज चढवला नाही. भात वाढला, सूप वाढलं, आणि विचारलं, "काय करता दुपारी?"

"उड्या," ते ताटात बघत म्हणाले. "खाली बसायचं, हात टेकायचे, पाय मागे फेकायचे, मग उडी. फोनवर दाखवतात."

"दोनशे?"

"एकशे आठपासून सुरुवात केली होती."

"डॉक्टर काय म्हणाली होती?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "तू रोज तिथे कपाळ आपटतेस. गुडघ्याला पट्ट्या लावतेस, मला दिसत नाही असं वाटतं तुला. तू एक दिवस थांबत नाहीस आणि मी सोफ्यावर पांघरूण घेऊन पडू? माझ्यासाठी तू दमायचं आणि मी विश्रांती घ्यायची? मला लाज वाटत होती."

ज्या हृदयासाठी मी दोन महिने उठाबशा काढत होते, त्या हृदयाला माझ्या उठाबशा ऐकूनच स्वस्थ पडवत नव्हतं. मी जितकी श्रद्धेने वाकले तितका तो माणूस गुपचूप उड्या मारत गेला. असलं पुण्य कुठल्या खात्यावर जमा होतं मला माहीत नाही.

मी त्यांच्याकडून वचन घेतलं, मधल्या दिवशी पडून राहायचं. त्यांनी वचन दिलं आणि मंगळवार-गुरुवार खरोखर पाळलं. खाली यंत्र अजून होतं. रविवारवर यंत्र नव्हतं.

मार्चच्या पहिल्या रविवारी गिर्यारोहण मंडळ डोंगराच्या देवाची वार्षिक पूजा करतं. चटई, फळं, भाताच्या वड्या, आणि उकडलेलं डुकराचं मुंडकं, हसऱ्या तोंडाचं हवं, घेऊन वर जायचं आणि वर्षभर कुणाचा पाय मोडू नये म्हणून देवाला माकगोल्लीचा वाडगा अर्पण करायचा. जो आधी पोचेल त्याला पहिला वाडगा ओतायचा मान, असं सुभेदारांनी जाहीर केलं. यूरिमच्या बाबांनी आपणहून मुंडकं उचललं. हिमालयाच्या पिशवीत ते नेमकं बसलं.

आदल्या संध्याकाळी पूर्वतयारी म्हणून माकगोल्ली झाली होती. रात्रभर त्यांना झोप नव्हती. मी स्वतः आठवडाभर सर्दीने बेजार, अंगात कणकण, तरी त्या सकाळी माझा नव्वदावा दिवस पंधरा मिनिटांत पुरा केला होता.

अकरा वाजता सुभेदारांचा फोन आला. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच हळू ऐकला. "वहिनी, ओक साहेब पहिले पोचले."

"बरं झालं."

"पोचले आणि बसले. उठत नाहीयेत. छातीत पाखरू फडफडतंय म्हणतात."

सुटका पथकाची दोन मुलं स्ट्रेचर घेऊन वर गेली. त्यांनी आधी रुग्णाची पिशवी उघडली, औषधं असतील म्हणून. आतलं हसरं तोंड बघून त्यातला एक तिथेच खाली बसला. त्यालाही पाणी द्यावं लागलं. मग यूरिमच्या बाबांना लाल जाकिटासह, काठ्यांसह बांधून खाली आणलं, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येक सत्तरीच्या बाईने थांबून विचारलं, "फार चढलात का, भाऊ?"

दवाखान्यात औषध दिल्यावर तीन तासांनी ठोका ताळ्यावर आला. डॉक्टर योम रविवार असून आली. ती रागावली नाही. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "झोप नाही, आदल्या दिवशी दारू, पाठीवर ओझं, आणि शर्यत. काका, मी औषध दोन अर्ध्यांचं दिलं होतं. तुम्ही एकच अर्धं दोनदा घेतलंत."

यूरिमचे बाबा छताकडे बघत होते.

"आता दहा दिवस पूर्ण विश्रांती. शंभराव्या दिवशी पट्टा ठरल्याप्रमाणे. त्याआधी एक उडी मारलीत तर पट्टा नाही, थेट नळी." मग पलंगाखाली बघून, "हे काय आहे?"

मी मुंडकं उचलायला म्हणून उठले आणि खोली काळी झाली.

डोळे उघडले तेव्हा माझ्या मनगटावर तिची बोटं होती. "काकू, बसल्या जागी तुमची नाडी एकशे चार आहे. काय करता तुम्ही?"

मी सांगितलं. आठ सेकंदांचा हिशेबही सांगितला, तापाचाही. "रोज? तीन महिने? मधे एकही दिवस न थांबता? ताप असताना?" तिने कागदावर लिहिलं. "तुम्हालाही दहा दिवस. एकही नमस्कार नाही. तापात हृदयाला असं पळवलं तर ते कायमचं सुजून बसू शकतं."

दहा दिवस. नव्वद झाले होते.

संध्याकाळी टॅक्सीतून घरी आलो. मी देवळाच्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या आताच्या माईंनी नोंद पाहिली. "खंड पडला तर पुन्हा एकपासून. कंदील मात्र घराच्या नावाने आहे, तेव्हा घरातलं दुसरं कुणी करत असेल तर चालेल."

घरातलं दुसरं कोण? यूरिमचे बाबा, त्यांना मनाई. मी, मला मनाई. यूरिमला सातवा महिना. घर संपलं.

त्या रात्री मी बुद्धांसमोर बसलेही नाही. मला वाटलं, तीस वर्षं आपण वाकायलाच शिकलो. उभं राहायला कुणी सांगितलं होतं, ते ऐकलं नाही. तोंड कसं दाखवायचं.

सोमवारी पहाटे सहाला दोघेही जागे होतो आणि हलत नव्हतो. सहा वाजून पाच मिनिटांनी दाराची घंटा वाजली. बान उभे होते, बसचालकाच्या निळ्या गणवेशात, हातात शेवयांचा अर्धा वाडगा.

"आज आवाज नाही," ते म्हणाले.

"आज नाही," मी म्हटलं. "दहा दिवस नाही. झोपा तुम्ही."

"कसा झोपू? एकशे आठ झाले की मी झोपतो. तीन महिन्यांत तशी सवय लागली. मी मोजतो खालून." मग वाडगा दुसऱ्या हातात घेत, "सत्तेचाळिसाव्या दिवशी तुम्ही एकशे नऊ घातलेत."

मला हे माहीत नव्हतं. मी त्यांना दारातच सगळं सांगितलं. ते वाडगा हातात धरून ऐकत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"म्हणजे चुकलं तर पुन्हा एकपासून? पुन्हा शंभर दिवस? माझ्या डोक्यावर?"

"नियम तसा आहे."

"आणि घरातलंच कुणीतरी हवं."

"हो."

बानांनी आमच्या फरशीकडे पाहिलं. "तुमची जमीन ती माझं छत. मधे दुसरं काही नाही. एकाच घरात राहतो म्हटलं तर खोटं आहे का?"

आतून यूरिमचे बाबा, पडल्या पडल्या, पांघरुणातून म्हणाले, "खोटं नाही."

या दोघांनी तीन महिन्यांत एकमेकांशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"मला येत नाही ते," बान म्हणाले. "पण ऐकून पाठ आहे. दहा दिवस करतो. सांगितलं म्हणजे केलं. माझी बस कधी चुकलेली नाही."

देवळात हे चालतं का, मला माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही. मी आतून माझी आसनाची गादी आणून दिली. "खाली जाऊन वर उठलात की लगेच पुन्हा जाऊ नका," मी म्हटलं. "थोडं उभे राहा."

"किती वेळ?"

"श्वास परत येईपर्यंत."

"आणि पंधरा मिनिटांचं काय?"

"ते तुमच्यासाठी होतं."

बानांनी जरा विचार केला. "माझ्या खाली माती आहे. तिची तक्रार नसते." मग त्यांनी वाडगा आमच्या चपलांच्या कपाटावर ठेवला, गादी काखेत मारली, आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरून गेले.

मी येऊन पांघरुणात शिरले. यूरिमच्या बाबांनी उशाखालून माझी माळ काढून हातात धरली होती आणि ते अगदी स्वस्थ, पाठीवर पडून होते. खालून एक धुप आलं. त्यांनी पहिला मणी ओढला. मग बराच वेळ खालून काहीच आलं नाही, आणि आम्ही दोघं त्या शांततेत वाट बघत पडून राहिलो.